पाण्याला दार कोणी लावले?

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने आपले नाव दिले, ते आंबेगाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे येथे बांधलेल्या धरणाने ते गाव आणि त्याच्या शेजारची अनेक गावे गिळली. तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. मूळ गाव मात्र उन्हाळ्यात पाणी खूप उतरले, तरच जुन्या देवळाच्या दगडांच्या रूपाने काही दिवस दर्शन देते. ह्या जलाशयाला 'हुतात्मा बाबू गेनू सागर' असे नाव आहे. बाबू गेनू ह्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेली लॉरी अडवताना त्यांनी प्राण दिला. एका गिरणी कामगाराचे नाव एवढ्या मोठ्या जलाशयाला मिळाले, ह्याचा आनंद कोणालाही व्हावा. पण ज्याच्या नावाने हे पाणी ओळखले जाते त्याच्यासारख्या गरिबाचा ह्या पाण्यावर हक्क काय, हा प्रश्न विचारला की आनंद ओसरतो.

ह्या जलाशयातले किती पाणी कोणाच्या शेताला, हा वाद येथे आम्ही मांडणार नाही. तो मांडणारे पुष्कळ आहेत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा अशा तालुक्यांची आशा कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांवर टांगलेली असते आणि आवर्तन कधी सुटणार, ही बातमी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येते. डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात न्यावे की नेऊ नये, ह्यावर मोर्चे निघाले, भाषणे झाली. ह्या सगळ्या गदारोळात पाण्यातल्या माशाबद्दल आणि तो धरणाऱ्या माणसाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जाळे कोणी टाकावे, त्यासाठी पैसे कोणाला द्यावे आणि काठापर्यंत कोणाच्या परवानगीने जावे, हे तीन प्रश्न आमच्या लेखाचा विषय आहेत. ते लहान दिसतात. पण ज्यांचे पोट त्यांवर अवलंबून आहे त्यांना ते लहान नाहीत.

नदी होती तेव्हा

आहुप्याच्या डोंगरात उगम पावणारी घोड, नाणेघाटाच्या अलीकडे उगम पावणारी कुकडी, त्यांच्यामधून वाहणारी मीना आणि उत्तरेची पुष्पावती ह्या सह्याद्रीच्या नद्या. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून धावाव्यात आणि वैशाखात डोहांपुरत्या उराव्यात, हा त्यांचा स्वभाव. त्या डोहांत वाम होती, मरळ होती, शिवडा होता. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढत आणि चढणीच्या माशांची वाट महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी पाड्यांवरची माणसे वर्षभर पाहत. खेकडे, झिंगे, बारीक मासळी हे त्या घरांतले आठवड्याचे कालवण होते. भात चार महिने पुरला, नाचणी-वरी आणखी दोन महिने पुरली, उरलेल्या दिवसांना डोंगर आणि नदी आधार देत. त्यासाठी पावती फाडावी लागत नव्हती.

ही अवस्था रामराज्याची होती असे आम्ही म्हणत नाही. पाण्यावरचा मज्जाव महाराष्ट्राला नवा नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव संमत केला, तरी १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर चालत जावे लागले. आणि त्या तळ्याचा कायदेशीर निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक पाण्यावर सार्वजनिक हक्क असतो, हे साधे तत्त्व प्रस्थापित करायला एवढे कष्ट पडले. तेव्हा आड येणारी भिंत जातीची होती. आज त्याच तत्त्वाला पैशाची भिंत आडवी येऊ पाहत आहे. ती दिसायला सभ्य आहे, निविदेच्या कागदावर शिक्क्यासह उभी असते, म्हणून तिच्याविषयी बोलणे अधिक निकडीचे आहे.

धरणाने काय नेले

कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत: घोडवर डिंभे, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे. एकट्या डिंभ्याचा साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. ह्या धरणांनी पूर्वेकडच्या कोरड्या भागात ऊस, द्राक्षे, कांदा आणि भाजीपाला उभा केला, हे कोणीही नाकारू नये. पण धरणाचा हिशेब मांडताना जमाखर्चाची दोन्ही पाने वाचायला हवीत.

पाण्याखाली गेलेली जमीन नदीकाठची, म्हणजे सर्वांत कसदार होती. तिची नुकसानभरपाई, कमी का होईना, कागदावर तरी आली. नदीची नुकसानभरपाई कोणालाच मिळाली नाही, कारण नदी कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. भिंत उभी राहिली आणि वर चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली. भिंतीखालच्या पात्रात आवर्तन सुटेल तेव्हाच पाणी आले. भिंतीवरच्या बाजूस वाहते पाणी थांबले आणि जे मासे वाहत्या पाण्यात, खडकांच्या आडोशाने वाढत होते ते विरळ होत गेले. त्यांच्या जागी कटला, रोहू आणि मृगळ ह्यांची बोटुकली आणून सोडण्यात आली, कारण हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात चांगले. पण तेथे त्यांची पैदास पुरेशी होत नाही. म्हणजे दर वर्षी बीज विकत आणणे आले, बीजासाठी भांडवल आले, भांडवलामागून ठेका आला.

ह्या साखळीकडे नीट पाहिले की ठेकेदाराच्या सर्वांत आवडत्या युक्तिवादाचा पोकळपणा कळतो. तो म्हणतो, "बीज मी सोडले, म्हणून मासा माझा." बीज त्याने सोडले हे खरे. पण बीज सोडण्याची गरज का निर्माण झाली? ज्या नदीत आपोआप मासे येत होते ती नदी आधी काढून घेण्यात आली. ज्याचे घर पाडले त्याला त्याच जागेवर बांधलेल्या नव्या घराचे भाडे मागावे, तसा हा न्याय आहे.

ठेका म्हणजे काय

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जे खाजगी मालकीचे नाहीत असे नद्या, नाले, तलाव आणि त्यांतले साचलेले व वाहते पाणी राज्य शासनाच्या मालकीचे आहे. मत्स्यव्यवसाय विभाग त्या आधारे जलाशयातील मासेमारीचा हक्क ठरावीक मुदतीच्या ठेक्याने देतो. मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य, हे ह्या राज्याचे जुने धोरण. पण प्राधान्य हा शब्द लवचीक असतो. महसूल वाढवण्याची हाक आली की मोठे जलाशय निविदेने, अधिक बोली लावणाऱ्यास द्यावेत, असा विचार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. २०१७ साली शासनाने तलाव ठेक्याचे सुधारित धोरण जाहीर केले तेव्हा राज्यभरच्या मच्छीमार संस्थांनी त्यावर आक्षेप घेतले ते ह्याच भीतीने.

बोलीच्या पद्धतीत पुढे काय होते ते पाण्याकाठच्या कोणालाही विचारावे. ठेका घेणारा काठावर राहत नाही. तो बाहेरून पट्टीचे मच्छीमार आणतो, पाड्यावरच्या माणसाला हवे तर मजूर म्हणून घेतो आणि त्याने धरलेला मासा स्वतःच्या दराने किलोवर विकत घेतो. तोच मासा घोडेगाव, मंचर वा पुण्याच्या बाजारात कितीला जातो, ते विचारण्याची सोय नसते. घरच्या कालवणासाठी गळ टाकून बसलेला मुलगाही मग 'चोर' ठरतो. काठावर राखणदार येतो. राखणदाराच्या हाती काठी असते आणि पोलीस पाटलाला सांगायला एक कागद असतो. ज्या शेतावर त्या मुलाच्या आजोबांनी भात लावले, त्याच शेतावर साठलेल्या पाण्यात तो चोर!

ठेक्याची मुदत संपत आली म्हणजे आणखी एक गोष्ट घडते. पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस पुढच्या वर्षाची काळजी कशाला करील? उन्हाळ्यात कालव्यांना पाणी सोडून जलाशय आक्रसतो, मासे थोड्या पाण्यात गोळा होतात, त्या वेळी बारीक आसाचे जाळे ओढले की मोठे, लहान, अंड्यावर आलेले सगळे एकदम निघतात. ठेकेदाराचा हिशेब बरोबर जमतो. जलाशयाचा हिशेब पुढची कितीतरी वर्षे बिघडलेला राहतो.

काठावरचे फाटक

दुसरे संकट वेगळ्या वेषात येते. पुणे-मुंबईच्या माणसाला सुट्टीत पाणी पाहायचे असते. त्यात गैर काही नाही. पवना धरणाच्या काठावर तंबूंची वसाहत कशी उभी राहिली ते आपण पाहिले आहे. मुळशी, पानशेतच्या काठांवर बंगल्यांची रांग कशी लागली तेही पाहिले आहे. २०१८ साली जुन्नर हा राज्यातला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट अशी रत्ने ज्या तालुक्यात आहेत त्याला हा मान मिळणे उचितच आहे. पण पर्यटनाच्या पाठोपाठ जमिनीचा दलाल येतो. जलाशयाला लागून असलेली टेकडी विकली जाते, तिला तारेचे कुंपण पडते, फाटकावर पाटी लागते आणि गुरे पाण्यावर नेण्याची, होडी उतरवण्याची, गाळपेरीकडे जाण्याची शेकडो वर्षांची पायवाट एका रात्रीत 'खाजगी मालमत्ता' होते. आत गेलेल्या पाहुण्याला पैसे देऊन गळ टाकायला मिळतो. बाहेरच्याला, तो तेथलाच असला तरी, पाणी लांबून पाहायला मिळते.

गळाने मासे धरण्याचा छंद जोपासणाऱ्या शहरी मंडळींवर आमचा राग नाही. त्यांच्यातले कितीतरी जण मासा धरून पुन्हा पाण्यात सोडतात आणि नदीच्या आरोग्याविषयी कळकळीने बोलतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आपण ज्याला पैसे देता त्याला ते घेण्याचा अधिकार कोणी दिला, हे एकदा विचारा. जमीन त्याची असेल. पाणी त्याचे नाही. पूर्णसंचय पातळीपर्यंतची संपादित जमीनही त्याची नाही.

ह्या बाबतीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात दिलेला निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या काठी एका हॉटेल कंपनीने वनजमिनीचा पट्टा मिळवून नदीचा प्रवाहच वळवला होता. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की नद्या, समुद्रकिनारे, वने अशा नैसर्गिक संपत्तीचे राज्य हे विश्वस्त आहे. ही संपत्ती सार्वजनिक उपयोगासाठी आहे आणि तिचे रूपांतर खाजगी मालकीत करता येत नाही. जमीन महसूल संहितेतला 'मालकी' हा शब्द ह्या निकालाच्या उजेडात वाचायला हवा. शासन पाण्याचे मालक असेल तर ते विश्वस्ताच्या अर्थाने. विश्वस्ताने लाभार्थ्यालाच दाराबाहेर काढावे आणि अधिक बोली लावणाऱ्याला आत घ्यावे, हे विश्वस्ताच्या धर्माला शोभत नाही.

विरोधकांचे म्हणणे

आमच्या विरुद्ध बाजूने जे बोलले जाते त्याला उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा की सर्वांना मोकळीक दिली तर मासे संपतील. १९६८ साली गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचा जो दाखला दिला तो ह्यासाठी नेहमी पुढे केला जातो. पण त्याच हार्डिनने १९९४ साली आपल्या विधानाला मुरड घातली आणि आपला दाखला व्यवस्थापन नसलेल्या सामाईकाला लागू आहे असे लिहिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने जगभरच्या मच्छीमारांचे, पाटकऱ्यांचे, वनवासी गावांचे दाखले तपासून दाखवले की ज्यांचे पोट त्या साधनावर आहे ते स्वतः नियम करतात आणि पाळतातही. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिला ह्याच कामासाठी मिळाले. आम्हीही बेबंद मोकळीक मागत नाही. जिलेटिनचा स्फोट करून वा पाण्यात विष कालवून मासे मारणारे आमच्याच गावांत आहेत. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून तो गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. चढणीचे, अंड्यावर आलेले मासे पोतीभर मारून आणण्याची हौसही आता सोडली पाहिजे. पण हे नियम पाड्याच्या बैठकीत ठरले तर पाळले जातील. ठेकेदाराच्या राखणदाराने लादले तर रात्री मोडले जातील.

दुसरा आक्षेप महसुलाचा. जलाशयाच्या ठेक्यातून शासनाला पैसा मिळतो, तो का सोडावा? ह्यावर आमचा प्रतिप्रश्न असा की धरणाने वाढवलेल्या उसाच्या, द्राक्षाच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम किती? लाभक्षेत्रात पाणीपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षे सोसणारे शासन विस्थापित मच्छीमाराकडेच एवढे काटेकोर का होते?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सहकारी संस्था कागदावर असतात, त्यांच्या नावाने खरा धंदा ठेकेदारच करतो, असे म्हणतात. हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. सभासदांच्या यादीत पाण्यात कधी पाय न बुडवलेली नावे सापडतात, अध्यक्ष शहरात राहतो आणि संस्थेचा ठेका परस्पर दुसऱ्याला चालवायला दिला जातो. पण रोग्याला ताप आहे म्हणून त्याला शत्रूच्या हवाली करत नाहीत. कागदी संस्था रद्द करा, सभासदत्व प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्यापुरते ठेवा, हिशेब ग्रामसभेपुढे वाचा. संस्था खोटी आहे म्हणून बोली खरी ठरत नाही.

जमलेले प्रयोग

हे सगळे स्वप्नरंजन आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने फार दूर जायला नको. डिंभे जलाशयाच्या काठीच त्याचे उत्तर आहे. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक ह्यांच्या 'शाश्वत' संस्थेने येथल्या धरणग्रस्त महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांना हाताशी धरले. डोंगर उतारावर पडकईने भाताची खाचरे तयार झाली, उतरत्या पाण्यामागे उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याचा हक्क मागण्यात आला आणि मासेमारीसाठी आदिवासींची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेच्या मार्गदर्शनाखाली जलाशयात पिंजरे लावून बोटुकली वाढवण्याचे काम ह्याच माणसांनी केले. पूर्वी पोहणेही जिवावर बेतेल असे ज्यांना ह्या खोल पाण्यात वाटे, ते त्यावर होड्या चालवू लागले. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार 'शाश्वत'ला मिळाला. जगाने ज्याची दखल घेतली तो धडा पुण्याच्या आणि मुंबईच्या कार्यालयांत अजून गिरवायचा आहे: धरणग्रस्ताला हक्क आणि तंत्र दोन्ही दिले तर तो जलाशय सांभाळतो.

हा हक्क किती नाजूक असतो, ते मध्य प्रदेशात दिसले. नर्मदेची उपनदी तवा. तिच्यावर १९७४ साली धरण पूर्ण झाले आणि विस्थापित आदिवासी त्याच्या काठी उपाशी राहिले. लांबलेल्या संघर्षानंतर १९९६ साली मासेमारीचा हक्क त्यांच्या तवा मत्स्य संघाला मिळाला. संघाने बीज सोडले, विणीच्या काळात जाळी बंद ठेवली, चोरटी मासेमारी रोखली, मासळी दूरच्या बाजारांत पाठवली. उत्पादन वाढले आणि सभासदांना बोनसही मिळाला. पण २००६ च्या डिसेंबरात मुदत संपली आणि वन्यजीव संरक्षणाचे कारण पुढे करून तिचे नूतनीकरण झाले नाही. दहा वर्षे यशस्वी ठरलेली व्यवस्था एका सहीच्या अभावी बंद पडली. मेहेरबानी म्हणून मिळालेला हक्क असा काढून घेता येतो; म्हणून तो कायद्याने हक्क असायला हवा.

शुल्काविषयी एक दाखला सातासमुद्रांपलीकडचा आहे. आयर्लंडमध्ये १९८७ साली सरकारने गळाने मासे धरणाऱ्यांवर परवाना शुल्क बसवले. रक्कम मोठी नव्हती आणि पैसा मत्स्यसंवर्धनासाठी आहे असे सांगण्यात आले. तरीही पश्चिमेकडच्या सरोवरांवरच्या लोकांनी परवाना घ्यायचे नाकारले. पिढ्यान्‌पिढ्या जे पाणी आपले, तेथे जायला पावती का, असा त्यांचा सवाल होता. तो वाद काही वर्षे पेटत राहिला. अखेरीस सरकारने माघार घेतली आणि १९९१ च्या कायद्याने स्थानिक मत्स्य सहकारी संस्थांची व्यवस्था केली. लोकांनी ऐच्छिक वर्गणी द्यावी आणि ती त्याच पाण्याच्या जोपासनेसाठी खर्चावी, असा तिचा आशय होता. ती मंडळी फुकटी नव्हती. आपला पैसा कोठे जातो आणि त्यावर कोणाचा अधिकार चालतो, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

आमचे म्हणणे

शुल्क दोन प्रकारचे असते. एक जोपासनेचे, दुसरे दाराचे. जोपासनेचे शुल्क ज्या पाण्यातून येते त्या पाण्याकडे परत जाते: बीजासाठी, राखणीसाठी, होड्यांसाठी, बुडत्याला वाचवण्याच्या साधनांसाठी. ते काठावरच्या लोकांच्या संस्थेकडे जमा होते आणि त्याचा हिशेब उघड असतो. दाराचे शुल्क हे केवळ आत सोडण्याची किंमत असते. ते देणारा आत येतो, न देऊ शकणारा बाहेर राहतो आणि पैसा डोंगर उतरून निघून जातो. पहिल्याला आमची मान्यता आहे. दुसऱ्याला विरोध करणे प्रत्येक विचारी नागरिकाचे काम आहे.

कायद्याचा आधार आज अपुरा आहे, पण अजिबात नाही असे नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजाच्या सामूहिक हक्कांत जलसाठ्यांतील मासे आणि इतर उत्पादने ह्यांचा स्पष्ट उल्लेख केला. पण ह्यात एक विसंगती उरते. गावच्या तळ्यावर ग्रामसभेचा शब्द चालतो. ज्या महाकाय जलाशयाने ते गावच बुडवले, तो 'लहान' नाही म्हणून तेथे तिचा शब्द चालत नाही! जेवढे मोठे नुकसान, तेवढा लहान हक्क, अशी ही उफराटी पायरी आहे.

ती सरळ करायची असेल तर पुढील गोष्टी व्हायला हव्यात. धरणग्रस्तांची आणि काठावरच्या आदिवासी मच्छीमारांची खरी संस्था जेथे आहे तेथे जलाशयाची बोली लावूच नये. नाममात्र शुल्कावर दीर्घ मुदतीचा हक्क तिला द्यावा. जेथे अशी संस्था नाही तेथे ती उभी करण्यास वेळ, प्रशिक्षण आणि बीजासाठी कर्ज द्यावे. घरच्या कालवणापुरत्या गळाला आणि लहान जाळ्याला कोणताही परवाना लागू नये. पूर्णसंचय पातळीपर्यंतची हद्द जागेवर दगड रोवून दाखवावी आणि पाण्याकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा गावनकाशावर नोंदवाव्यात, म्हणजे तारेच्या कुंपणाला उत्तर देता येईल. बाहेरून येणाऱ्या हौशी गळकऱ्यांनी शुल्क जरूर द्यावे. ते स्थानिक संस्थेला द्यावे, पावती तिच्या नावाची असावी आणि वाटाड्या, होडीवाला, स्वयंपाक करणारी बाई ही त्या पाड्यावरची असावीत. उन्हाळी आवर्तन ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींबरोबर मच्छीमारांचा एक तरी प्रतिनिधी बसावा आणि जलाशयाच्या तळाशी माशांना जगण्यापुरते पाणी राखण्याचा आग्रह त्याला धरता यावा.

ह्यातली एकही मागणी शासनाच्या तिजोरीला भगदाड पाडणारी नाही. एकही मागणी पूर्वेकडच्या शेतकऱ्याच्या ताटातला घास काढून घेणारी नाही. ज्यांनी घर, शेत आणि नदी दिली त्यांना निदान मासा मिळावा, एवढीच ती आहे. पुढच्या वेळी एखाद्या जलाशयाच्या निविदेची जाहिरात वर्तमानपत्रात आली, तर वाचकांनी ती नजरेआड करू नये. बोली लावणाऱ्यांची नावे वाचण्यापूर्वी त्या पाण्याखाली कोणती गावे आहेत आणि त्या गावांची माणसे आज कोठे आहेत, ते विचारावे. ज्या अधिकाऱ्याला ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याला त्या निविदेवर सही करण्याचाही अधिकार नाही, असे आम्ही मानतो.